जॉब धरायचा कसा? मिलिंगच्या दोनशे वर्षांची दुसरी बाजू

मशीनिंगचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते. आधी हातानं कानस चालवणारे कारागीर, मग वाफेवर चालणारी मशीन्स, मग इलेक्ट्रिक मोटर, मग १९५२ साली एमआयटीमध्ये पंच केलेल्या टेपवर चाललेलं पहिलं मिलिंग मशीन, आणि मग आपलं सीएनसी. म्हणजे कापणाऱ्या बाजूचा इतिहास. स्पिंडल, कटर, मोटर, कंट्रोलर.

पण मिलिंगमध्ये दोन बाजू असतात. एक कापते, दुसरी धरून ठेवते. जॉब (म्हणजे ज्या धातूच्या तुकड्यावर काम करायचं तो) नीट धरला नाही, तर वरचा कटर कितीही महागाचा असो, उपयोग शून्य. या धरण्याच्या व्यवस्थेला इंग्रजीत वर्कहोल्डिंग म्हणतात. त्यात व्हाइस, क्लॅम्प, फिक्स्चर, पॅलेट असं सगळं येतं. माझं पीएचडीचं काम याच भागावर आहे. पातळ भिंतीचे ॲल्युमिनियमचे भाग व्हाइसमध्ये आवळल्यावर किती वाकतात आणि सोडल्यावर किती परत येतात, हे मी मोजते. मी मूळची फिजिक्सची, त्यामुळे सुरुवातीला मला हा विषय अगदीच साधा वाटायचा. त्याचा इतिहास वाचल्यावर कळलं की मशीन शॉपच्या उत्पादकतेतल्या कितीतरी मोठ्या उड्या या खालच्या बाजूनेच मारल्या आहेत. आजच्या पोस्टमध्ये तोच इतिहास, जमेल तितका सोपा करून.

आधी थोडं फिजिक्स

हवेत मोकळी सोडलेली कोणतीही घन वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. तिची जागा पक्की ठरवायची तर ही सहाही स्वातंत्र्यं काढून घ्यायला हवीत. त्यासाठी नेमके सहा बिंदू पुरतात. तळाला तीन, एका बाजूला दोन, उरलेल्या बाजूला एक. मशीन शॉपमध्ये याला ३-२-१ म्हणतात. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवलं तरी डुगडुगत नाही आणि चार पायांचं टेबल डुगडुगतं, त्यामागचं कारणही हेच. चौथा बिंदू एकतर टेकतच नाही, किंवा जोर लावून टेकवला की वस्तूलाच वाकवतो.

वैज्ञानिक उपकरणांच्या बाबतीत हे तत्त्व जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं १८७६ साली नीट मांडलं. होय, विद्युतचुंबकीय समीकरणांचा तोच मॅक्सवेल. पण वर्कशॉपमधले लोक त्याच्या बरेच आधी, समीकरणाविना, त्याच दिशेनं गेले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा ठरवणं वेगळं आणि आवळून धरणं वेगळं. समजा कटर जॉबला आडवा १००० न्यूटन जोर लावतोय. व्हाइसच्या दोन जॉमध्ये जॉब फक्त घर्षणानं धरलाय आणि घर्षण गुणांक ०.२ आहे. मग दोन्ही जॉ मिळून घर्षण हवं १००० न्यूटन, म्हणजे प्रत्येक जॉकडून ५००, म्हणजे आवळण्याचा जोर किमान २५०० न्यूटन. सुरक्षिततेसाठी दुप्पट धरला तर ५०००. साधारण अर्ध्या टनाचं वजन त्या बिचाऱ्या तुकड्यावर! जाड पोलादी ठोकळ्याला त्याचं काही वाटत नाही. दोन मिलिमीटरच्या भिंतीला वाटतं.

कमी आवळलं तर जॉब उडतो, जास्त आवळलं तर वाकतो. या दोन टोकांमधली जागा शोधणं, आणि ती दर वेळी झटपट शोधणं, हाच या दोनशे वर्षांचा विषय.

हार्पर्स फेरीचा जॉन हॉल

अदलाबदल करता येतील असे सुटे भाग कोणी आणले? इंजिनिअरिंगच्या बऱ्याच पुस्तकांत उत्तर असतं, एली व्हिटनी. त्यानं १७९८ साली अमेरिकन सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं आणि १८०१ साली नेत्यांसमोर सुटे भाग जोडून दाखवले, वगैरे. इतिहासकार रॉबर्ट वुडबरीनं १९६० मध्ये ही दंतकथा पार उसवली. व्हिटनीच्या शिल्लक बंदुका तपासल्या तर त्यांचे भाग एकमेकींत बसत नव्हते. आणि कल्पनाही मूळ त्याची नव्हती. १७८५ साली थॉमस जेफरसननं पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या फ्रेंच कारागिराचं काम पाहून अमेरिकेला पत्र लिहून कळवलं होतं. बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगातून कोणतेही उचलून जोडता येतात, असं.

मिलिंगच्या दृष्टीनं खरा महत्त्वाचा माणूस जॉन हॉल. व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारात त्यानं १८१९ पासून मागून ठासायची रायफल बनवायला घेतली. डिसेंबर १८२६ मध्ये सरकारी तपासणी समिती आली. शंभर रायफली सुट्या केल्या, भाग मिसळले, पुन्हा जोडल्या, आणि त्या जोडल्या गेल्या. १८३४ पर्यंत तर कनेक्टिकटमध्ये सिमियन नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भाग हॉलच्या रायफलीत बसू लागले. दोन वेगळी गावं, दोन वेगळे कारखाने, शेकडो किलोमीटरचं अंतर, आणि तरी भाग जुळतात. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

हॉलनं हे कसं साधलं? त्याच्याकडे कटिंगची मशीन्स चांगली होतीच, आणि गेजही भरपूर होती. पण कळीची गोष्ट होती फिक्स्चरमागचा विचार. एका भागावर बरीच ऑपरेशन्स होतात. प्रत्येक वेळी भाग आधीच्या ऑपरेशनमध्ये कापलेल्या पृष्ठभागावर टेकवून धरला, तर प्रत्येक वेळची चूक आधीच्या चुकीवर चढते. हॉलनं ठरवलं की भागावर एकच संदर्भबिंदू ठेवायचा आणि प्रत्येक फिक्स्चरमध्ये भाग त्याच बिंदूवरून टेकवायचा.

आकड्यांत बघू. पाच ऑपरेशन्स, प्रत्येकात चूक ०.०५ मिलिमीटर. साखळीनं मोजत गेलात तर शेवटच्या छिद्राची सुरुवातीच्या बाजूपासूनची चूक वाईटात वाईट ०.२५. सगळं एकाच बिंदूवरून मोजलंत तर प्रत्येकाची चूक ०.०५, आणि कोणत्याही दोन छिद्रांमधली जास्तीत जास्त ०.१०. मशीन तेच, कटर तोच, ऑपरेटर तोच. आज ड्रॉइंगवर आपण डेटम म्हणून जो 'ए' लिहितो, त्याचा हा पणजोबा.

फोर्ड आणि 'शेतकऱ्यांची हत्यारं'

पुढची उडी फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात. १९१३ ची सरकती असेंब्ली लाइन सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या आधी मशीन शॉपमध्ये जे घडलं त्याशिवाय ती लाइन चाललीच नसती. फोर्डच्या मिलिंग मशीनवरची एक फिक्स्चर एका वेळी १५ इंजिन ब्लॉक धरायची, दुसरी ३० सिलिंडर हेड. कटर एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की पंधरा ब्लॉक झाले.

या फिक्स्चरांना तिथं गमतीनं शेतकऱ्यांची हत्यारं म्हणायचे. कारण शेतावरून थेट आलेला, मशीन कधी न पाहिलेला पोरगाही त्यांच्यावर मुरलेल्या कारागिरासारखं काम काढू शकत असे. जॉब कुठं टेकवायचा, किती सरळ लावायचा, हे ठरवण्याचं काम त्याच्याकडे उरतच नव्हतं. ते आधीच फिक्स्चरमध्ये पोलादात लिहून ठेवलेलं होतं.

इथं थोडं थांबायला हवं. उत्पादकता वाढली हे खरं, पण कौशल्य नाहीसं झालं नाही, त्यानं जागा बदलली. ते मशीनवरच्या माणसाच्या हातातून निघालं आणि टूलरूममध्ये फिक्स्चर बनवणाऱ्याकडे गेलं. पगार आणि मानही बऱ्याच अंशी त्याच वाटेनं गेले. जॉब धरण्याचा प्रश्न नुसता तांत्रिक कधीच नव्हता.

फोर्डच्या पद्धतीची दुसरी मर्यादा लगेच दिसते. १५ ब्लॉक धरणारी फिक्स्चर फक्त तोच ब्लॉक धरते. डिझाइन बदललं की ती भंगारात. लाखो सारखे भाग काढायचे असतील तर परवडतं. वीस काढायचे असतील तर?

दीड टक्का

जगातलं बरंचसं मशीनिंग लाखांच्या नाही, दहा-वीस-पन्नासच्या बॅचमध्ये होतं. १९५२ नंतर आलेल्या एनसी मशीन्सचं वचन नेमकं हेच होतं: टेप बदला, भाग बदला, खास फिक्स्चरची गरज कमी. १९५८ मध्ये कर्नी अँड ट्रेकरच्या मिलवॉकी-मॅटिकनं हत्यारं बदलण्याचं कामही आपोआप करून दाखवलं. वरची बाजू सुसाट निघाली.

मग १९७० च्या सुमारास सिनसिनाटी मिलाक्रॉन कंपनीच्या अभियंत्यांनी एक हिशेब मांडला. तो पुढे या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आला. बॅचमध्ये काम करणाऱ्या सरासरी शॉपमध्ये भाग आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतच्या वेळेपैकी ९५ टक्के वेळ तो नुसता पडून असतो किंवा इकडून तिकडे जात असतो. मशीनवर असतो ५ टक्के. आणि त्या ५ टक्क्यांपैकीही कटर धातूला लागलेला असतो सुमारे ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ चढवणं, उतरवणं, लावणं, मोजणं यात जातो. म्हणजे एकूण वेळेपैकी खरं कापणं दीड टक्का.

तो दीड टक्का आणखी वेगवान करण्यासाठी सगळं जग धडपडत होतं.

शिंगोचं दुसरं टेबल

हा प्रश्न ज्यानं सगळ्यात सरळ पाहिला तो जपानी माणूस, शिगेओ शिंगो. १९५० मध्ये हिरोशिमातल्या तोयो कोग्यो (आजची माझदा) कंपनीत तो प्रेसवरची कोंडी सोडवायला गेला. तिथं डाय बदलताना एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार कारखानाभर धावतोय आणि प्रचंड प्रेस तेवढा वेळ बंद, हे त्यानं पाहिलं. त्यावरून त्यानं सेटिंगच्या कामाचे दोन भाग पाडले. मशीन थांबवूनच करावी लागतात ती आतली कामं, मशीन चालू असताना करता येतात ती बाहेरची.

१९५७ मध्ये हिरोशिमातल्याच मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात मोठ्या प्लेनर मशीनवर डिझेल इंजिनाचे बेड बनत होते. जॉब टेबलवर चढवायचा, मध्य काढायचा, मापं आखायची, आवळायचा, आणि हे सगळं होईपर्यंत मशीन गप्प उभं. शिंगोनं सुचवलं की मशीनला दुसरं टेबल करून घ्या. एका टेबलवर कापणं चालू असताना दुसऱ्यावर पुढचा जॉब लावून ठेवा. मग अख्खं टेबलच बदला. उत्पादन ४० टक्क्यांनी वाढलं. शिंगोनं नंतर लिहिलं की आपण तेव्हा काय केलं याचं महत्त्व आपल्यालाच कळलं नव्हतं. ते कळायला आणखी बारा वर्षं गेली. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले.

बोल्टबद्दलचं त्याचं निरीक्षण तर मला फारच आवडतं. नट आवळताना काम करतो फक्त शेवटचा आटा, आणि सोडताना फक्त पहिला. मधले सगळे फेरे वाया. आज व्हाइस किंवा क्लॅम्पच्या जागी एका हिसक्यात बसणारे पिन आणि कॅम दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

जमाना पुढे गेलेलं मशीन

जवळपास त्याच काळात लंडनच्या डेप्टफर्ड भागात एक वेगळाच प्रयोग चालू होता. मोलिन्स ही सिगारेट बनवायची मशीन्स तयार करणारी कंपनी. तिथं थिओ विल्यमसन हा अभियंता होता. जुन्या ऑडिओवाल्यांना त्याचं नाव 'विल्यमसन ॲम्प्लिफायर'मुळे माहीत असेल. त्यानं १९६७ मध्ये 'सिस्टिम २४' जाहीर केली. २४ म्हणजे चोवीस तास. दिवसपाळीत माणसांनी ॲल्युमिनियमचे ठोकळे पॅलेटवर पक्के करायचे, पॅलेट मांडणीत ठेवायचे, आणि रात्रभर मशीन्सनी ते एकेक करून उचलून कापत राहायचं. रात्री माणूस नाही.

शिंगोचं दुसरं टेबल इथं डझनावारी झालं होतं. प्रत्येक पॅलेटचा मशीनवर बसण्याचा भाग तंतोतंत सारखा, त्यामुळे कोणतंही पॅलेट कुठंही बसतं. हॉलचा संदर्भबिंदू आता जॉबवरून पॅलेटवर आला.

प्रकल्प मात्र टिकला नाही. त्या वेळचे संगणक तोकडे, खर्च अफाट, आणि प्रणाली फक्त हलक्या धातूंसाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोलिन्सनं हा नाद सोडला. पण कल्पना मेली नाही. आज पॅलेट बदलणारी हॉरिझाँटल मशीन्स आणि चारही बाजूंना जॉब लावलेले उभे ठोकळे (शॉपमध्ये त्यांना टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड म्हणतात) सर्रास दिसतात, ती सगळी त्याच घराण्यातली. पुढे इलेक्ट्रोड पटकन आणि अचूक बसवण्यासाठी स्वीडनची सिस्टिम ३आर आणि स्वित्झर्लंडची इरोवा यांनी ईडीएमसाठी पकडी काढल्या. तोच विचार मिलिंगमध्ये 'झीरो पॉइंट' म्हणून आला. प्लेट ठेवा, बटण दाबा, काही मायक्रॉनच्या आत जागेवर.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं

भोसरी, चाकण, कोल्हापूरचं शिरोली, नाशिकचं सातपूर, अंबड. कुठंही जा, एक-दोन व्हीएमसी घेऊन जॉबवर्क करणारे छोटे शॉप भेटतात. मशीन कर्जावर घेतलेलं असतं आणि हप्ता मशीन चालो न चालो भरावाच लागतो. आणि मशीन बंद का आहे असं विचारलं की बरेचदा उत्तर येतं, "सेटिंग चालू आहे." म्हणजे ऑपरेटर डायल लावून व्हाइस सरळ करतोय, पॅरलल शोधतोय, जॉब झीरो घेतोय.

एक काल्पनिक हिशेब करून बघू. २० नगांची बॅच. सेटिंग ९० मिनिटं, प्रत्येक नगाला चढवणं-उतरवणं ४ मिनिटं, कापणं ६ मिनिटं. एकूण २९० मिनिटं. आता तीन पर्याय.

पहिला: महागडे कटर आणून कापण्याचा वेळ २० टक्के कमी केला. वाचले २४ मिनिटं, एकूण २६६. म्हणजे जेमतेम ८ टक्के.

दुसरा: मशीनच्या टेबलवर जागा कायम ठरलेली बेस प्लेट बसवली आणि व्हाइस व फिक्स्चर तिच्यावर पिननं येतील असं केलं. सेटिंग ९० वरून १५ मिनिटं. एकूण २१५. म्हणजे जवळपास २६ टक्के बचत, आणि कटर जुनेच.

तिसरा: त्याच्या जोडीला दुसरं पॅलेट. एकावर कापणं चालू असताना दुसऱ्यावर नग चढवायचा, पॅलेट बदलायला अर्धा मिनिट. एकूण सुमारे १५० मिनिटं. जवळजवळ निम्मं.

अर्थात आकडे बदलले की उत्तरही बदलेल. एका नगाला दोन तास कापणं लागत असेल तर कटरवरच पैसे घाला. पण लहान बॅच आणि झटपट होणारे नग असतील, आणि जॉबवर्कमध्ये बरेचदा तेच असतं, तर आधी खाली बघायला हवं. यासाठी परदेशी झीरो पॉइंटच हवं असंही नाही. टेबलवर एक घासून सपाट केलेली प्लेट, त्यात ठरावीक अंतरावर अचूक छिद्रं, आणि नेहमी एकाच कोपऱ्यावरून मोजायची शिस्त. हॉलकडे १८२६ मध्ये यापेक्षा जास्त काही नव्हतं.

मग सगळे असं का करत नाहीत? मला वाटतं एक कारण इतिहासातच आहे. स्पिंडलचा वेग माहितीपत्रकावर छापता येतो, फिक्स्चरचा विचार छापता येत नाही. नवं मशीन आलं की पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात. नव्या बेस प्लेटला कोणी हार घालत नाही. आणि ती प्लेट कशी असावी हे ज्याला नेमकं कळतं तो सेटिंग करणारा अनुभवी ऑपरेटर, त्याला हे कोणी विचारत नाही. फोर्डच्या काळात फिक्स्चर ऑपरेटरच्या डोक्यावरून बनल्या. छोट्या शॉपमध्ये तसं करायची गरज नाही. तिथं जॉब धरणारा आणि पकड बनवणारा एकच माणूस असू शकतो, आणि मला वाटतं छोट्या शॉपची खरी ताकद तीच आहे.

माझ्या कामाचा भाग या सगळ्याच्या शेवटी येतो. जागा झटपट आणि अचूक ठरवण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. आवळल्यावर भाग किती वाकेल, हे आधी सांगण्याचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पातळ भाग पकडीत असताना मोजला की अगदी बरोबर येतो, आणि पकड सोडली की स्प्रिंगसारखा परत येऊन चुकीचा होतो. तो किती परत येईल, याचं गणित आणि त्याची मोजमापं पुढच्या पोस्टमध्ये मांडते. तोवर तुमच्यापैकी कोणी शॉपवर काम करत असेल तर एक दिवस घड्याळ लावून बघा: मशीन प्रत्यक्ष किती वेळ कापतंय आणि किती वेळ जॉब धरण्याची वाट बघतंय. आकडा कमेंटमध्ये टाका, कारण प्रयोगशाळेत बसून मला तो मिळत नाही.